हिवाळ्यातला पंखा

मधू,

काल तुझं तेरावं झालं. सतरंज्या परत गेल्या, मोठी पातेली घासून ज्याची त्याला दिली आणि आज पहिल्यांदा तुझ्या घरात कोणी नाही असं झालं. म्हणजे शकू आहे, मागे स्वयंपाकघरात. पण ती माझी मुलगी आणि तुझी भाची, ती काही परकी नव्हे. म्हणून लिहायला बसले. तू म्हणशील, "बसली मास्तरीण कागद घेऊन!" म्हण. पोरांना शिकवता शिकवता माझी बोली पुस्तकी झाली म्हणून तू जन्मभर चिडवलंस, आता जरा ऐकून घे. उठून जायची सोय नाही तुला.

मला रडू आलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गल्लीत सध्या तोच विषय आहे. दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या तू मान टाकलीस, तुला घरी आणलं, तेव्हा आलं नाही. नेलं तेव्हा आलं नाही. बायका पाठीवर हात फिरवतात आणि म्हणतात, "रड वं बाई, मोकळी हो." अरे, रडू म्हणजे काय नळ आहे, फिरवला की आला? त्यांचंही चुकत नाही म्हणा. पाठचा भाऊ जातो आणि थोरली बहीण आल्यागेल्याला चहात साखर किती घालू म्हणून विचारते, तर लोक बोलणारच. पण आत काही हलतच नाही. पहाटे गार पाण्यात धुणं धुतल्यावर बोटांना चिमटा काढला तरी कळत नाही ना, तसं सगळं अंग झालं आहे. जेवते, झोपते, बोलते. कोणी काही विचारलं तर बरोबर उत्तर देते.

तुला अंगणात ठेवलं होतं तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. बोटाकडे पाहिलं. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट, भाजून भाजून टोकाला दगडासारखं झालेलं. पंख्याला ढकल द्यायचं बोट. लोक तुळशीपत्र, गंगाजळ करत होते आणि माझ्या डोक्यात एकच, की आता या पंख्याला बोट कोण लावणार?

तर त्या पंख्याचंच लिहिते. बाकी तुझं नाव-गाव, शिक्षण, दुकान सगळ्यांना ठाऊक आहे.

तो पंखा तू आणलास तेव्हा सक्करदऱ्याच्या आपल्या वस्तीत वीज आलेली नव्हती. तू गॅरेजात कामाला लागला होतास आणि पगाराच्या दिवशी भाजीऐवजी भंगार आणायचास. त्या दिवशी सायकलला बांधून एक काळं धूड आणलंस. कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातलं, तो देश सोडून गेल्यावर पडून राहिलेलं. खाली रॉकेलचा दिवा, त्याच्यावर लोखंडी नळकांडं, वर पितळी पाती. अंगणात मांडून तू मला आणि मायला समजावायला लागलास, "पाह्य बाई, दिव्यानं आतली हवा तापते, फुगते, दट्ट्याले वर ढकलते. गार झाली का दट्ट्या खाली. वर-खाली, वर-खाली, अन् पातं फिरून राहते. ना वीज, ना बॅटरी!" दिवा लावलास, बराच वेळ थांबलास, मग पात्याला बोटानं हलकेच ढकल दिलीस. आणि फिरला की तो! टक्-टक्, टक्-टक्. आपलं आपण सुरू होणं त्याला कधी जमलं नाही, पण एकदा बोट लावलं की दिवा असेपर्यंत थांबायचा नाही.

फक्त तेव्हा वैशाख होता. नागपूरचा वैशाख! आधीच अंगाची लाही, त्यात पंख्याच्या पोटात दिवा पेटलेला. वारा येई तेवढा, पण दिव्याची धग त्याहून जास्त. माय पदरानं मान पुसत म्हणाली, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. विझव तो." सगळी गल्ली येऊन हसून गेली. सीताबर्डीच्या दुकानांत विजेचे पंखे गरागरा फिरत होते आणि आमचा मधू पंख्याखाली दिवा पेटवतो! पंखा माळ्यावर गेला. तू चिडला नाहीस. म्हणालास, "याचा मोसम चुकला, बाई. खाली गरम अन् वर गार पाहिजे याले. थंडी पडू दे, मंग पाह्यजो." मी म्हटलं, थंडीत पंखा लावून तुला काय कुल्फी जमवायची आहे?

आणि त्याच थंडीत मी बाळंतपणाला माहेरी आले.

ते दिवस तुला सांगायला नकोत. पण ते आपण दोघांनी कधी बोलूनच काढले नाहीत, म्हणून लिहिते. हे चांद्याला नोकरीवर, बाबा दोन वर्षांमागे गेलेले. पुढच्या लांबोड्या खोलीतून बाबांचा हातमाग उचलला होता, फक्त पाय सोडायचा खड्डा राहिला होता, त्यावर फळ्या टाकलेल्या. त्या खोलीत मायनं माझी बाज टाकली. पौष लागला होता, सक्करदऱ्याच्या तलावावरून असा काही गारठा यायचा की छपराच्या कवेलूंखाली झोपलेल्या माणसाच्या दाढा वाजाव्यात. आणि शकू दिवस भरायच्या आधीच आली. आठव्यात. सुईण मायच्या कानाशी लागून म्हणाली ते मला ऐकू आलंच, "सातव्याचं जगते, आठव्याचं जगत नाही."

केवढी होती रे ती! मायच्या ओंजळीत मावली. अंगात ताकद नाही म्हणून रडणंसुद्धा मांजराच्या पिलाचं. मायनं तिला कापसात गुंडाळली, माझ्या कानांत बोळे घातले, डोक्याला फडकं करकचून बांधलं, दारंखिडक्या लावल्या आणि बाजेखाली गोवऱ्या-लाकडांची शेगडी ठेवली. वर ओव्याची धुरी. आपल्यात हेच करतात, तिच्या सासूनं तिचं असंच केलं होतं. खोली धुरानं भरली. सरकारी दवाखान्यातली नर्सबाई पाहायला आली, तिनं दार उघडताच तोंडाला रुमाल लावला. पोरीची नखं पाहिली. जांभळी. म्हणाली, "आजी, ही पोट्टी गार पडली का गेली समजा. अन् हा धूर राहिला तरी गेलीच समजा. ऊब पाहिजे, धूर नोको." आणि पुढच्या घरी निघून गेली.

माय मटकन खाली बसली. "शेगडी काढली तर पोट्टी गारठते, ठेवली तर गुदमरते. आता मी करू तरी काय वं माय?" तिला मी तेव्हा पहिल्यांदा असं बघितलं. बाबा गेले तेव्हाही ती अशी बसली नव्हती.

तू उठलास. सायकल काढलीस. आलास तो डांबराचं एक लहान पिंप घेऊन. अंगणात आधी ते जाळून जाळून आतला वास घालवलास, मग त्याला दार कापलंस, वर झाकण बसवलंस, टिनाचा पाइप लावून तो कवेलूंतून बाहेर काढलास. शेजारचे विचारत होते, कायले गा घराले मिशी लावून राहिला? तू मान वर केली नाहीस. धूर वर गेला. खोलीत पहिल्यांदा श्वास घेता आला. पण पाइपासाठी ती शेगडी बाहेरच्या भिंतीला, आणि दाराच्या फटीतला गारठा नको म्हणून माझी बाज दुसऱ्या टोकाला. शेगडीजवळ उभं राहिलं तर होरपळायला व्हायचं आणि बाजेवर पाय गार. सगळी ऊब सरळ उठून कवेलूंना जाऊन चिकटायची. शेगडी जवळ ओढली तर पाइप पुरत नव्हता, बाज जवळ नेली तर दाराचा झोत.

मग तू माळ्यावर चढलास.

तू पंखा खाली आणताना मायनं पाहिलं आणि मग जे काही झालं ते अख्ख्या वस्तीनं ऐकलं. "बाळंतिणीच्या खोलीत पंखा? अवं माय! कानात कापूस घालून बसवली मी तिले, अन् तू पंखा लावून राहिला? वारा भरला म्हणजे? जन्माची पांगळी होईन ना ते!" तू म्हणालास, "माय, वारा गार असते. हा गरम आहे." "वारा तो वारा! मले नोको शिकवू." एक तर बाळंतिणीला वारा लागू नये हा धाक, आणि त्यात आपलं विणकराचं घर. बाबांच्या हयातीत वाऱ्याचं नाव काढायची सोय नव्हती. वारा आला की सूत सुकायचं, तटातट तुटायचं. दारं लावून जगलेली बाई ती, तिच्यापुढे तू पंखा धरून उभा.

मला कोणी विचारत नव्हतं. बाळंतिणीला कोण विचारतं? पण शकूचे दोन्ही तळवे माझ्या एका मुठीत होते. ते गार होते. किती तरी वेळ मूठ आवळून धरली होती, तरी गार. मी कापसाच्या बोळ्यांतून तुमचं भांडण ऐकत होते आणि मला वाटलं, हे दोघं भांडत राहतील आणि ही जाईल. मी म्हणाले, "मधू, लाव."

मायनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या तोंडावर दार लावलं. मग म्हणाली, "लाव. पण तोंड भिंतीकडे. माझ्या पोरीकडे पाठ करून फिरू दे मेल्याले." बाबांच्या उरलेल्या सुताचा एक धागा काढून तिनं बाजेच्या खुराला बांधून लोंबता सोडला. "हे सूत फडफडलं, का तुझा पंखा खड्ड्यात."

तू शेगडीच्या झाकणावर पंखा ठेवलास. दिवा नाही, शेगडीच त्याचा दिवा. बोट लावलंस, भाजलं, तरी लावलंस. टक्-टक्. पंखा भिंतीला वारा घालत होता. तू नाराज, तुझ्या मते सगळं फुकट चाललं होतं. आणि ती भिंत पार आढ्यापर्यंत कोमट होऊन वरची ऊब अशी काही गोल फिरून खाली आली की तुझ्याच तोंडाचा आ झाला. माय स्टूल घेऊन त्या धाग्यासमोर बसली, पोलीस बसावा तशी. धागा हलायचा, पण झोपेतल्या पोरानं पाय हलवावा एवढाच. दिवे लागायच्या वेळेला मी मूठ उघडली. तळवे कोमट होते. मायनं वाकून हात लावून पाहिला. आत गेली आणि डिंकाचा लाडू आणून तुझ्या हातावर ठेवला. बाळंतिणीचा लाडू! कोणत्या पुरुषाला मिळाला आहे?

पुढे शकू बाळसं धरेपर्यंत, तिच्या गालावर मांस दिसेपर्यंत, तो पंखा चालू होता. भेटायला येणाऱ्या बायका विचारायच्या, हे टक्-टक् काय वं? माय ठणकावून सांगायची, "शेगडीची चरखी होय." पंखा हा शब्द तिनं त्या खोलीत उच्चारू दिला नाही. आणि त्याची एक गंमत होती. लाकूड संपत आलं की तो हळू व्हायचा, मग थांबायचा. आवाज बंद झाला की तुला जाग यायची. आवाजानं सगळे उठतात, तू आवाज बंद झाल्यावर उठायचास. उठून लाकूड घालायचास, बोट लावायचास, परत आडवा. मला जाग यायची तोवर पंखा फिरत असायचा.

नंतर वीज आली, यांची बदली इथेच झाली, महाल भागात आमच्या बिऱ्हाडाजवळच तुझं दुरुस्तीचं दुकान झालं, पंप, शिलाई मशीन, जे येईल ते. पण दर थंडीत पंखा शेगडीवर. लोक तुला 'हिवाळी पंखेवाला' म्हणायचे. लग्न केलं नाहीस. माय म्हणायची, थंडीत पंखा लावणाऱ्याले पोरगी कोण देईन? आणि मरेपर्यंत एक पालुपद, "पंखा याचा, पण अक्कल माझी. भिंतीकडे तोंड कोणं करायले लावलं?" तिच्याशी भांडता येत नव्हतं, म्हणून तू माझ्याशी भांडायचास.

ते आपलं भांडण. दर भाऊबीजेला, ओवाळून झालं की. मी म्हणायचे, "ऊब लाकडाची. तुझा पंखा नुसता हमाल." तू म्हणायचास, "हमालच. पण कवेलूले चिकटलेल्या उबेचा काय फायदा सांग मले? ज्याले पाहिजे त्याच्यापर्यंत पोहोचवून द्यायले कोणी पाहिजे का नाही?" मी म्हणायचे, भिंतीनं पोहोचवली. मग तू मायच्या फोटोकडे बघायचास आणि आपण दोघं हसायचो. या वर्षी तू ताटावरून उठता उठता म्हणालास, "थांब, पुढच्या भाऊबीजेले तुले कागदावर काढूनच दाखवतो." दिलीस थाप. असली थाप देऊन जातात का रे?

खरं सांगू? मला त्या भांडणात हरायचं होतं. एकदा तरी म्हणायचं होतं की मधू, माझी पोर तुझ्यामुळं जगली. शकूला सांगत आले मी. लहानपणी तिला न्हाऊ घालताना, वेणी घालताना, दरवेळी. "तुझ्या मामानं तुला जगवलं, विसरू नको." तुला सांगायला मात्र तोंड उघडलं नाही. तुझ्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं आणि वस्तीभर सांगत फिरला असतास, एवढंच कारण. दुसरं काही नाही. वाटायचं, आहेच की तो, सांगू कधी तरी.

एवढं लिहिलं आणि डोळा लागला.

मघाशी शकूनंच तुझी शेगडी पेटवून दिली होती. आज गारठा फार आहे. वर तुझा पंखा ठेवला, तोंड भिंतीकडे, आणि बोट लावून तो चालू करून दिला. अगदी तुझ्यासारखं, फुंकर मारून बोट मागे घेतलं. मी त्या टक्-टक् आवाजात लिहीत होते आणि तशीच भिंतीला टेकून झोपले. जाग आली ती पंखा थांबल्यामुळे. डोळे मिटलेलेच होते. मी वाट बघत राहिले. लाकडाची खुडबूड होईल, झाकण वाजेल, परत टक्-टक् सुरू होईल. कोणी उठेना. मी जराशी वैतागून, मोठ्यानं म्हणाले, "मधू, लाकूड घाल गा."

माझा आवाज मलाच ऐकू आला.

शकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, पिठाचे हात तसेच. येऊन लाकूड घातलं, जाळ धरेपर्यंत उकिडवी बसली. मग पंख्याला बोट लावलं. मी तिला म्हटलं, "शकू, तुझ्या मामानं तुला जगवलं. मी त्याला हे कधी सांगितलंच नाही बघ. राहून गेलं."

ती वळली. म्हणाली, "मामाले माहीत होतं, आई."

"कसं?"

"तू मले न्हाऊ घालताना सांगायची, अन् मी केस वाळवत दुकानात जाऊन मामाले सांगायची. दरवेळी. मामा हातातलं काम ठेवून पुन्हा विचारायचा, काय म्हणाली बाई? नीट सांग, पुरं सांग. अन् मंग म्हणायचा, तुझ्या मायले बोलू नोको मले समजलं म्हणून. नाही तं थे लाजंन, अन् सांगायची बंद होईन."

मधू, मग आलं मला रडू. असं आलं की शकू घाबरली. शेजारच्या बायका धावत आल्या, आणि आता त्यांना ते थांबवता येईना. पिठाच्या हातांनी पोर माझे डोळे पुसत होती. तिचे हात गरम होते, शेगडीजवळचे.

लबाडा. सारं माहीत होतं तुले. मंग दर भाऊबीजेले भांडत काहून होता गा?